प्रथिनाची घडी टिकते कशामुळे? आणि निसर्गाने न बनवलेल्या साखळ्याही घडी का घालतात?

मेघवर्णा

क्युव्हेट म्हणजे क्वार्ट्झची एक चपटी, पारदर्शक कुपी. आत जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा द्रावणाचा थर मावतो. ती सीडी (सर्क्युलर डायक्रॉइझम) यंत्रात ठेवायची, २२२ नॅनोमीटरवर नजर ठेवायची आणि तापमान एकेक अंशाने वाढवत न्यायचं. प्रथिनाची साखळी हेलिक्समध्ये, म्हणजे स्प्रिंगसारख्या वेटोळ्यात, असेल तर या तरंगलांबीवर आलेख खोल खाली गेलेला दिसतो, उलगडली की वर येतो. माझ्या कामाचे कितीतरी दिवस या आलेखाकडे बघण्यात गेले आहेत आणि अजूनही त्याचा कंटाळा येत नाही.

रिबोन्यूक्लिएझ ए हे प्रथिन घ्या. ३० अंश, ४० अंश, ५० अंश, आलेख जवळपास सपाट. मग ६० च्या आसपास काही मोजक्या अंशांतच सगळं प्रथिन उलगडतं, कड्यावरून उतरावं तसं. थंड करा, परत घडी पडते. आता त्याच कुपीत अ‍ॅलनिनने भरलेलं सतरा अमिनो आम्लांचं पेप्टाइड, म्हणजे छोटी साखळी, घ्या. शून्य अंशाजवळ ते बऱ्यापैकी हेलिक्समध्ये असतं, पण तापवायला लागलं की पहिल्या अंशापासूनच हळूहळू सुटत जातं. कडा नाहीच, नुसता उतार.

दोन्हीकडे अमिनो आम्लं तीच, पेप्टाइड बंध तोच, हायड्रोजन बंधही त्याच प्रकारचे. मग एकाला कडा आणि दुसऱ्याला उतार का?

शाळा-कॉलेजात आपण शिकतो की प्रथिनाची घडी चार गोष्टींनी टिकते: हायड्रोजन बंध, जलविरोधी आकर्षण, विद्युतभारांची ओढ आणि डायसल्फाइड पूल (दोन गंधक अणूंमधला बंध). यादी चूक नाही. पण ती वाचून मनात चित्र उभं राहतं ते खिळे ठोकून पक्क्या केलेल्या वस्तूचं, आणि ते चित्र मात्र चूक आहे. घडी घातलेलं आणि उलगडलेलं, या दोन अवस्थांमधला ऊर्जेचा फरक साधारण ५ ते १५ किलोकॅलरी प्रति मोल इतकाच असतो. शंभर-दीडशे अमिनो आम्लांचा अख्खा रेणू आणि एकूण शिल्लक एवढीशी! दोन्ही पारड्यांत शेकडो किलोकॅलरींची वजनं आहेत आणि काटा एका बाजूला जरासा झुकलाय.

म्हणून मला हा प्रश्न नेहमी एकाच शब्दाने सुरू करावासा वाटतो: कशाच्या तुलनेत? हायड्रोजन बंध घडीला स्थिर करतो म्हणता, कशाच्या तुलनेत? उलगडलेल्या साखळीचे एनएच (नायट्रोजन-हायड्रोजन) आणि सीओ (कार्बन-ऑक्सिजन) गट काही मोकळे नसतात, त्यांनी पाण्याच्या रेणूंशी आधीच हायड्रोजन बंध जोडलेले असतात. घडी पडताना ते बंध तुटतात आणि आपापसांत जुळतात. बंध दिले, बंध घेतले. निव्वळ फायदा फार थोडा.

मोठं देणं असतं एन्ट्रॉपीचं. सुटी साखळी असंख्य आकारांत वळवळू शकते, घडी पडली की ती सगळी मोकळीक संपते. दर अमिनो आम्लामागे किलोकॅलरीभर तरी किंमत मोजावी लागते, म्हणजे शंभरांच्या साखळीत शंभराच्या घरात. ती भरून काढतं कोण? मुख्यतः पाणी. वॉल्टर कॉझमन यांनी १९५९ मध्ये हे नीट मांडलं. ल्युसिन, व्हॅलिन, फिनाइलअ‍ॅलनिन यांच्या तेलकट बाजू पाण्यात उघड्या राहिल्या की त्यांच्याभोवतीच्या पाण्याच्या रेणूंना शिस्तीत उभं राहावं लागतं. या बाजू आत गोळा झाल्या की पाणी सुटं होतं. साखळीची मोकळीक जाते, पाण्याची मोकळीक वाढते. हाच जलविरोधी परिणाम.

याचा पुरावा मला फार आवडतो. काही प्रथिनं तापवल्यावर उलगडतात तशी *थंड केल्यावरही* उलगडतात. प्रिवालोव्ह यांनी मायोग्लोबिनमध्ये हे आम्लयुक्त द्रावणात मोजून दाखवलं. घडी नुसत्या आकर्षणाने टिकत असती तर थंडीत ती आणखी घट्ट व्हायला हवी होती. पण थंड पाण्यात जलविरोधी परिणाम कमजोर पडतो, आणि घडी सुटते.

या धाग्यात पुढे प्रथिनांसारख्या कृत्रिम साखळ्यांबद्दलही लिहीन. माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. प्रश्न जरूर विचारा.

---

अक्षरवेल

वाचतेय. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते आणि ती चार मुद्द्यांची यादी दरवर्षी फळ्यावर लिहिते, त्यामुळे हा धागा थेट माझ्यासाठीच आहे असं वाटलं. एक विचारायचंय. अ‍ॅनफिन्सन यांच्या प्रयोगात डायसल्फाइड पूल तोडावे लागले होते ना? म्हणजे ते तरी खिळ्यांसारखे आहेत की नाहीत?

---

मेघवर्णा

@अक्षरवेल, चांगला प्रश्न. तो प्रयोग थोडा सविस्तर सांगते, कारण त्यातला उत्तम भाग बहुतेक वेळा गाळला जातो.

रिबोन्यूक्लिएझ एमध्ये १२४ अमिनो आम्लं आहेत. त्यात ८ सिस्टीन, म्हणजे ४ डायसल्फाइड पूल. अ‍ॅनफिन्सन आणि सहकाऱ्यांनी ८ मोलर युरियात, मरकॅप्टोइथेनॉल घालून ते पूल तोडले आणि साखळी पूर्ण उलगडली. मग दोन्ही रसायनं काढून टाकली आणि हवेतल्या ऑक्सिजनने पूल परत जुळू दिले. प्रथिन पुन्हा काम करायला लागलं. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं.

आता गाळला जाणारा भाग. ८ सिस्टीनांच्या जोड्या १०५ प्रकारे लागू शकतात (पहिल्याला ७ पर्याय, मग ५, मग ३, मग १). युरिया *असतानाच* पूल जुळू दिले तर जोड्या कशाही लागतात आणि कार्यक्षमता एखाद्या टक्क्यावर येते. आता युरिया काढा आणि मरकॅप्टोइथेनॉलचा अगदी किंचित अंश घाला, म्हणजे पूल तुटत-जुळत राहतील. काही तासांत ते चुकीच्या जोड्यांचं प्रथिन आपोआप बरोबर जोड्यांवर येतं!

म्हणजे पुलांनी घडी ठरवली नाही. घडीने पूल ठरवले. कुठली जोडी लागायची हे बाकीच्या साखळीने सांगितलं. अ‍ॅनफिन्सन यांना १९७२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते अमिनो आम्लांचा क्रम आणि घडी यांचं हे नातं दाखवल्याबद्दल.

आता तुमचा खिळ्यांचा मुद्दा. पूल एकदा बरोबर जागी लागला की घडी जास्त टिकाऊ होते हे खरं. पण कशाच्या तुलनेत? पूल घडी घातलेल्या अवस्थेला फार काही देत नाही, तो *उलगडलेल्या* अवस्थेची मोकळीक हिरावून घेतो. साखळीची दोन टोकं बांधलेली असली तर ती उलगडूनही फार दूर जाऊ शकत नाही. उलगडण्यातला फायदाच कमी झाला.

वर्गात ही एक कल्पना पोहोचली तरी खूप झालं असं मला मनापासून वाटतं.

---

एकलव्य_७

उत्तम धागा. पण हायड्रोजन बंधांना तुम्ही जरा कमी लेखताय असं वाटलं. निक पेस यांच्या गटाने एकेक अमिनो आम्ल बदलून मोजलेले आकडे आहेत, आणि त्यानुसार आतला प्रत्येक हायड्रोजन बंध सरासरी किलोकॅलरीभर स्थिरता देतो. शंभर अमिनो आम्लांच्या प्रथिनात असे कित्येक डझन बंध असतात. "निव्वळ फायदा फार थोडा" हे वाक्य मग टिकत नाही.

---

मेघवर्णा

@एकलव्य_७, मान्य. ते वाक्य मी सैल लिहिलं. दर बंधामागे थोडा, पण सगळे मिळून भरपूर, असं हवं होतं. या मुद्द्यावर जाणकारांत अनेक दशकं मतभेद आहेत आणि मी जलविरोधी बाजूला जास्त झुकते हे कबूल करते.

माझा झुकाव कुठून येतो ते सांगते. टी४ विषाणूच्या लायसोझाइममध्ये ९९ व्या जागी ल्युसिन आहे, अगदी आत गाडलेलं. ब्रायन मॅथ्यूज यांच्या प्रयोगशाळेने त्याच्या जागी अ‍ॅलनिन घातलं. हायड्रोजन बंध एकही बदलला नाही, विद्युतभार बदलला नाही, फक्त तीन कार्बनांची तेलकट शाखा कमी झाली आणि आत एक पोकळी उरली. स्थिरता जवळपास ५ किलोकॅलरींनी घसरली. काही प्रथिनांची एकूण शिल्लकच तेवढी असते!

दुसरं म्हणजे, आत गाडलेला एखादा एनएच किंवा सीओ *जोडीदाराविना* राहिला तर फार मोठी किंमत पडते, कारण बाहेर त्याला पाणी तरी होतं. त्यामुळे साखळीला आत जायचं असेल तर हेलिक्स किंवा बीटा पट्टी (ताणलेल्या साखळ्या शेजारी-शेजारी) यांपैकी काहीतरी करणं भागच पडतं, कारण त्यांत प्रत्येकाला जोडीदार मिळतो. गोळा व्हायचं की नाही हे मुख्यतः पाणी ठरवतं, कुठल्या आकारात गोळा व्हायचं हे हायड्रोजन बंध. ही विभागणी ढोबळ आहे, पण माझ्या रोजच्या कामात ती उपयोगी पडते.

---

सांजवारा

मला रसायनशास्त्राची फारशी पार्श्वभूमी नाही, तरी वाचायला आवडतंय. एक बाळबोध प्रश्न: साखळीला एवढे असंख्य आकार घेता येत असतील तर तिला बरोबर तोच कसा सापडतो?

---

एकलव्य_७

@सांजवारा, प्रश्न बाळबोध अजिबात नाही, सायरस लेव्हिन्थल यांनी १९६९ मध्ये हाच विचारला होता. दर अमिनो आम्लाला ३ च स्थिती धरा. १०० जणांच्या साखळीला ३ चा शंभरावा घात, म्हणजे ५ च्या पुढे ४७ शून्यं इतके आकार. सेकंदाला दहा लाख कोटी आकार तपासले तरी १ वर २७ शून्यं इतकी वर्षं लागतील. विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं. आणि व्हिलिन नावाच्या प्रथिनाचा ३५ अमिनो आम्लांचा एक तुकडा प्रत्यक्षात काही मायक्रोसेकंदांत घडी घालतो.

उत्तर असं की साखळी सगळे आकार तपासतच नाही. थोडे बरोबर संपर्क जुळले की ऊर्जा जराशी कमी होते आणि ते टिकून राहतात, मग त्यांच्या आधाराने पुढचे. सपाट मैदानात एकच खड्डा शोधायचा नसून जमीनच सगळीकडून त्या खड्ड्याकडे उतरती आहे, असं समजा.

---

मेघवर्णा

सुरेख सांगितलंत. यात एक भर: बरेच आकार मुळातच अशक्य असतात. जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी १९६३ मध्ये मद्रास विद्यापीठातून जो नकाशा दिला तो आजही प्रत्येक नव्या प्रथिनरचनेच्या तपासणीत वापरला जातो. पेप्टाइड बंध स्वतः सपाट आणि ताठ असतो, त्यामुळे दर अमिनो आम्लाच्या कण्यात फिरू शकतील असे दोनच कोन उरतात, फाय आणि साय. त्यांनी विचारलं, की अणू एकमेकांवर आदळू नयेत एवढीच अट घातली तर या दोन कोनांच्या कुठल्या जोड्या शिल्लक राहतात? नकाशाचा बहुतेक भाग बाद झाला. उरली ती थोडी बेटं, आणि हेलिक्स व बीटा पट्टी नेमकी त्या बेटांवर बसतात. ऊर्जा, पाणी, बंध यांतलं काहीही न घेता! नुसती अणूंची जाडी.

इथून कृत्रिम साखळ्यांकडे वळते.

समजा तुम्हाला घडी घालणारा रेणू नव्याने बनवायचा आहे. एन्ट्रॉपीचं देणं फेडण्याचे दोन मार्ग आहेत. एक निसर्गाचा: साखळी लांब करा, आत तेलकट गाभा भरा, पाण्याला काम करू द्या. दुसरा: देणंच कमी करा. कणा असा निवडा की त्याला फार वळवळताच येणार नाही.

१९९० च्या दशकात सॅम गेलमन आणि डीटर झेबाख यांच्या गटांनी स्वतंत्रपणे बीटा-पेप्टाइडं बनवली. बीटा अमिनो आम्लात कण्यात एक कार्बन जास्त असतो. कोणालाही वाटेल की एक जास्तीचा सांधा म्हणजे जास्त वळवळ, म्हणजे घडी आणखी अवघड. झालं उलट. अवघ्या सहा बीटा अमिनो आम्लांची साखळीसुद्धा द्रावणात नीट हेलिक्स बनवते. सहा नेहमीच्या अमिनो आम्लांकडून तशी अपेक्षा ठेवता येत नाही. गेलमन यांनी तो जास्तीचा सांधा सहा कार्बनांच्या कड्यात अडकवला, तेव्हा हायड्रोजन बंधाने १४ अणूंचं वेटोळं बनवणारा हेलिक्स मिळाला. कडं पाच कार्बनांचं केलं तर १२ अणूंचं वेटोळं, म्हणजे वेगळाच हेलिक्स. कड्याच्या मापावरून हेलिक्सचा प्रकार ठरतो! अशा रेणूंना 'फोल्डॅमर' हे नाव गेलमन यांनीच रूढ केलं. शिवाय पचनातली एन्झाइमं बीटा-पेप्टाइडांना सहसा तोडू शकत नाहीत, म्हणून औषधांच्या संशोधनात त्यांना महत्त्व आहे.

आता माझा सगळ्यात आवडता पुरावा: पेप्टॉइड. यात बाजूची शाखा कार्बनवरून उचलून नायट्रोजनवर ठेवलेली असते. म्हणजे एनएचच उरला नाही, कण्यातला हायड्रोजन बंध देणाराच गेला. तरीही शाखा जाडजूड आणि एकाच हाताच्या (कायरल) निवडल्या तर पेप्टॉइड हेलिक्स बनवतात, फक्त एकमेकांना अडवून अडवून. हायड्रोजन बंधाशिवाय हेलिक्स!

आणि जेफ्री मूर यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवलेल्या साखळ्या तर निव्वळ बेंझीनची कडी आणि त्यांना जोडणारे तिहेरी बंध, पेप्टाइडाचा पत्ताच नाही. क्लोरोफॉर्ममध्ये त्या सुट्या असतात. अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये टाकल्या की पुरेशी लांब साखळी गुंडाळून हेलिक्स होते, कारण तो द्रावक त्या कड्यांना नकोसा असतो. रेणू तोच, बदललं फक्त भोवतालचं द्रव.

---

सांजवारा

हे वाचून अंगावर काटा आला. म्हणजे घडी घालणं ही सजीवांची मक्तेदारी नाही.

---

निशिगंध

नेहमी वाचनमात्र असतो, आज राहवलं नाही म्हणून लिहितोय. संगणकाने हे सगळं सोडवलं ना आता? अल्फाफोल्ड २ या संगणकप्रणालीने २०२० मध्ये प्रथिनांचे आकार ओळखण्याची स्पर्धा जिंकली, २०२४ चं नोबेलही झालं. मग कारणांच्या मागे अजून का लागायचं?

---

मेघवर्णा

@निशिगंध, मी अल्फाफोल्ड जवळजवळ रोज वापरते आणि त्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण ते आकार सांगतं. तो किती पक्का आहे, ५५ अंशांना टिकेल का, एक ल्युसिन काढलं तर कोसळेल का, याचं भरवशाचं उत्तर त्यातून मिळत नाही. आणि ते शिकलं प्रयोगांनी शोधलेल्या सुमारे १ लाख ७० हजार प्रथिनरचनांवरून. बीटा-पेप्टाइडांच्या रचना त्या मानाने मूठभर आहेत. जिथे उदाहरणंच नाहीत तिथे कारणं कळलेली असावी लागतात.

त्याच २०२४ च्या नोबेलमधला अर्धा वाटा डेव्हिड बेकर यांचा होता, तो प्रथिनं नव्याने *रचण्यासाठी*. त्यांच्या गटाचं २००३ मधलं टॉप७ हे ९३ अमिनो आम्लांचं प्रथिन, तोवर निसर्गात कधीच न दिसलेल्या घडीचं. ९८ अंशांपर्यंत तापवलं तरी ते उलगडलं नाही.

---

एकलव्य_७

टॉप७ वरून एक जुना वाद आठवला. नैसर्गिक प्रथिनं जेमतेम स्थिर का असतात? एक मत असं की काम करण्यासाठी लवचिकता लागते म्हणून. दुसरं असं की नैसर्गिक निवडीला "पुरेसं स्थिर" एवढंच दिसतं. त्याच्यावरची जास्तीची स्थिरता यादृच्छिक उत्परिवर्तनांत झिजून जाते, कारण बहुतेक बदल स्थिरता कमीच करतात. टॉप७ बघता मला दुसरं मत पटतं.

---

मेघवर्णा

मलाही बरंचसं तेच वाटतं, पण टॉप७ ला काही काम करायचं नव्हतं हे विसरू नका. एन्झाइमांच्या बाबतीत लवचिकतेचा मुद्दा मी पूर्णपणे सोडायला तयार नाही. क्रियाकेंद्रात एकाच प्रकारचे विद्युतभार शेजारी-शेजारी, तेलकट पृष्ठभाग उघडा, अशा स्थिरतेला मारक गोष्टी मुद्दाम ठेवाव्या लागतात. तिथे काम आणि टिकाऊपणा यांची खरीच ओढाताण असते.

---

अक्षरवेल

परत आले, कारण सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय. कडा आणि उतार! एकाला कडा का?

---

मेघवर्णा

राहिलंच होतं, आठवण केलीत ते बरं झालं.

एकट्या हेलिक्समध्ये प्रत्येक वळण आपापल्या शेजाऱ्यांवर उभं असतं. टोकाकडची वळणं आधी सुटतात, मधली नंतर, आणि कुठल्याही क्षणी अर्धवट सुटलेले रेणू भरपूर असतात. म्हणून उतार. प्रथिनात मात्र साखळीत एकमेकांपासून लांब असलेले भाग गाभ्यात एकत्र येऊन कुलूप-किल्लीसारखे बसलेले असतात. त्यातला एक हेलिक्स बाहेर निघाला तर बाकीच्यांच्या तेलकट बाजू उघड्या पडतात. अर्धी घडी दोन्हीकडून तोट्यात: मोकळीक पुरती मिळाली नाही आणि पाणीही आत आलं. म्हणून रेणू एक तर पूर्ण घडीत, नाहीतर पूर्ण सुटा. मधले जवळपास नसतातच. म्हणून कडा.

म्हणूनच फोल्डॅमरच्या क्षेत्रात एकटा हेलिक्स मिळाल्यावर लोक थांबले नाहीत. २००७ मध्ये अ‍ॅलाना शेपार्ट्झ यांच्या गटाने आठ बीटा-पेप्टाइडं एकत्र येऊन मध्ये तेलकट गाभा असलेली जुडी बनवतात हे स्फटिकरचनेसह दाखवलं. कणा कृत्रिम, पण गाभा खऱ्या प्रथिनासारखा.

---

सांजवारा

मी काल रात्री एक उद्योग केला. कुठेतरी वाचलं होतं की लायनस पॉलिंग १९४८ मध्ये ऑक्सफर्डला सर्दीने अंथरुणात पडलेले असताना कागदावर साखळी काढून, घड्या घालून हेलिक्सपर्यंत पोहोचले. म्हणून कागदाच्या पट्टीवर साखळी काढली, अल्फा कार्बनाच्या (ज्याला बाजूची शाखा जोडलेली असते त्या कार्बनाच्या) जागी तिरप्या रेषा मारल्या आणि प्रत्येक रेषेवर सारखाच कोन करून दुमडत गेले. नळी झाली! पण एका वेढ्यात पूर्ण आकडा बसेना. तीन म्हणावं तर जास्त, चार म्हणावं तर कमी. माझं चुकलं का?

---

मेघवर्णा

@सांजवारा, काहीच चुकलं नाही! अल्फा हेलिक्सच्या एका वेढ्यात ३.६ अमिनो आम्लं असतात. केंब्रिजचे ब्रॅग, केंड्रू आणि पेरुट्झ १९५० मध्ये इथेच अडकले. त्यांनी वेढ्यात पूर्ण आकडे धरले आणि पेप्टाइड बंध सपाट ठेवला नाही. पॉलिंग, कोरी आणि ब्रॅन्सन यांचा शोधनिबंध १९५१ मध्ये आला. तो वाचल्यावर पेरुट्झ यांनी घोड्याचा केस क्ष-किरणांत योग्य कोनात तिरपा धरला आणि त्यांना १.५ अँगस्ट्रॉमचा ठिपका सापडला, दर अमिनो आम्लामागे हेलिक्स जितका पुढे सरकतो नेमका तेवढा.

आता त्याच पट्टीवर एनएच आणि सीओ लिहा, आणि कुठल्याही सीओपासून पुढे चौथ्या अमिनो आम्लाचा एनएच शोधा. दोघं समोरासमोर आले का ते सांगा.

---

सांजवारा

आले. थोडे तिरके, पण समोरासमोर आले.